स्लॉथ रस्ता ओलांडेपर्यंत

नदीकाठच्या वाटेवरचा तो हिरवा फलक माझ्यामुळे लागला, हे पूर्वी मी कुणी न विचारता सांगत असे. आता विचारलं तरी विषय बदलतो.

मोन्तेरिया या आमच्या गावात मी एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. म्हणजे आज गावात तिशी ओलांडलेलं जे कुणी भेटेल, त्याला मी एकदा तरी वर्गाबाहेर उभं केलेलं असतं. निवृत्तीनंतर हात शिवशिवत होते, त्याच सुमारास सिनू नदीच्या काठानं सायकलवाल्यांची आणि पायी चालणाऱ्यांची मिळून एक वाट झाली. काठावरची जुनी झाडं राहू दिली होती, त्यामुळे झाडांवरचे रहिवासीही राहिले. माकडं वरच्या वर जातात. इग्वाना सरसर जातात. प्रश्न फक्त स्लॉथचा. आमच्या भाषेत त्याचं नावच 'आळशी'. मी मुलांना सांगायचो, आळशी नव्हे, काटकसरी म्हणा. हा गृहस्थ आठवड्यातून एकदा झाडावरून उतरतो, तेही परसाकडला, आणि लहर आली तर पलीकडचं झाड धरायला निघतो. मग लोक प्रेमानं त्याला उचलायचे आणि कडेवर घेऊन फोटो काढायचे.

मी अर्जामागून अर्ज केले. माझा त्रास चुकवायला म्हणून का होईना, नगरपालिकेनं मी लिहिलेला मजकूर एका अक्षराचाही फरक न करता फलकावर चढवला. प्राणी वाट ओलांडत असेल तर दोन्ही बाजूंना दोरी लावावी, कुणीही दोरीच्या आत जाऊ नये, आवाज करू नये, आणि प्राणी झाडावर पुरुषभर उंच चढल्याशिवाय दोरी सोडू नये. 'पुरुषभर' हा शब्द माझा. तेव्हा मला त्याचा अभिमान होता. शिवाय लोकांनी झुडपांत शिरू नये म्हणून रस्त्याच्या बाजूला बोगनवेलीचं कुंपण हवं, हाही हट्ट माझाच. बोगनवेल उत्तम वाढली आहे. काटे बोटभर आहेत.

आता दिल्साबद्दल. दिल्सा माझी बायको. ती नदीपलीकडची. आठव्या वर्षी वडिलांच्या उंच सायकलच्या नळीखालून पाय घालून ती घरोघर दूध पोचवायची. मी सायकल शिकलो एकसष्टाव्या वर्षी, तिच्याकडून, आणि अजून वळण आलं की गावच्या संताचं, सान हेरोनिमोचं, नाव घेतो.

दोन वर्षांपूर्वी तिचं विसरणं सुरू झालं. आधी मिठाचा डबा विसरली, मग गल्ल्या, मग माणसांची नावं. हल्ली अधूनमधून मला विसरते. सायकल मात्र नाही. स्वयंपाकघरात ती पाच मिनिटं दाराशी घुटमळते, पण सायकलवर बसली की पाठ ताठ, एक हात सुटा, आणि समोरून ढकलगाडी आली तरी वेग तोच. डॉक्टर म्हणाले, "जे अंगाला आठवतंय ते करू द्या." म्हणून रोज सकाळी साडेसहाला आम्ही निघायचो, ती पुढे आणि मी मागे.

मार्चमध्ये ती एकदा माझी नजर चुकवून गेली. सात तासांनी गुरांच्या बाजारात सापडली. दोन व्यापाऱ्यांना एका गाईबद्दल सल्ला देत होती, आणि सल्ला बरोबर होता म्हणतात. आमची मुलगी योलिमा राजधानी बोगोताहून धावत आली. जाताना दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, पुन्हा एकदा जरी हरवली ना, तर मी आईला घेऊन जाणार. तिथं चांगली जागा आहे, चोवीस तास माणसं असतात."

"सायकल?" मी विचारलं.

"बाबा, बोगोताला थंडी असते," ती म्हणाली. ते उत्तर नव्हतं, पण समजलं.

तेव्हापासून मी बंदोबस्त केला. पहिल्या दिवशी दोन्ही सायकली दोरीनं बांधून पाहिल्या. दोघंही पडलो, ती हसत आणि मी न हसता. मग शाळेतली शिट्टी काढली. दोनदा वाजवली की दिल्सा थांबायची. का थांबायची कोण जाणे. कदाचित एकतीस वर्षं सगळं गाव त्या शिट्टीला थांबत होतं म्हणून. पण थांबायची, एवढं मला पुरे होतं.

त्या मंगळवारी ती माझ्यापुढे वीस-पंचवीस हातांवर होती. मोठ्या कांपानोच्या झाडाखालून गेली आणि तिच्या मागच्या चाकाला जेमतेम चुकवून एक करडं, केसाळ बोचकं वाटेवर उतरलं. त्यानं एक हात पुढे टाकला आणि विचारात पडलं.

"थांबा! सगळ्यांनी थांबा!" वाटेचा रखवालदार यादेर धावत आला. यादेर माझा विद्यार्थी, दहावीला दोनदा. त्यानं इतक्या शिताफीनं दोरी बांधली की परीक्षेत अशी चपळाई दाखवली असती तर एकदाच बसावं लागलं असतं.

"यादेर, मला जाऊ दे. बाई पुढे गेल्यात."

"सर!" त्याचा चेहरा उजळला. "बघा, बरोबर दहा पावलांवर बांधलीय. तुम्ही म्हणाला होता तशी."

"हो, छान. पण मला एकट्याला सोड. मी कडेकडेनं जातो."

"सर, माझी परीक्षा घेताय का?" तो हसला. मागे जमलेले चार-पाच सायकलवालेही हसले. थर्मासमधून कॉफी विकणारी आर्लेदिस तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "अरे, निन्या दिल्सा खरंच पुढे गेलीय." आमच्याकडे बाई सत्तरीची झाली तरी आदरानं तिला निन्याच म्हणतात, म्हणजे मुलगी. दिल्साला हल्ली ते शोभतं.

मी शिट्टी तोंडाला लावली आणि एकदा फुंकली. लांबवर दिल्साचा वेग कमी झाला. तिनं एक पाय जमिनीला टेकवला. मी दुसरा श्वास घेतला.

"श्श्श!" सगळी रांग एकदम. स्लॉथनं हात मागे घेतला होता आणि मान वळवून आमच्याकडे बघत होता.

"सर, घाबरला ना तो," यादेर हलकेच म्हणाला आणि माझ्या ओठांतली शिट्टी काढून घेतली. "जमा करतो. दोरी सोडली की घेऊन जा." ही पद्धतही माझीच. भोवरे, गोट्या, एकदा तर जिवंत खेकडा मी असाच जमा केला होता, बहुधा यादेरचाच.

दिल्सानं क्षणभर मागे वळून पाहिलं. दुसरी शिट्टी आली नाही. तिनं पाय उचलला आणि गेली. पाठ ताठ, एक हात सुटा. मी बघत होतो आणि ती पेरूएवढी, मग लिंबाएवढी झाली.

"रस्त्यावरून वळसा घाला ना," कुणीतरी सुचवलं. बोगनवेलीला पहिली फट मागे पाऊण मैलावर, आणि माझ्या वेगानं ते म्हणजे स्लॉथशी शर्यत. मी कुंपणात हात घालून पाहिला आणि रक्ताळलेला हात परत घेतला.

"सर, जपून हं," एक बाई म्हणाल्या. घट्ट कपडे, डोक्यावर हेल्मेट. "मी दंतवैद्य. नव्याण्णवची बॅच. तुम्ही म्हणायचात, हा बिचारा जीव मुठीत घेऊन खाली येतो, तेव्हा आपण दहा मिनिटं थांबलो तर काय बिघडतं?"

"मी असं म्हणायचो?"

"दर वर्षी," मागून दोन-तीन आवाज आले.

माणसाला त्याचे शब्द परत करणारा समाज चांगलाच म्हणायला हवा. फक्त सगळे एकाच सकाळी परत करू नयेत. स्लॉथ आता वाटेच्या मधोमध, पिवळ्या पट्ट्यावर आला होता. तिथे त्यानं विश्रांती घेतली. मला त्याचा राग आला नाही. एवढा अन्याय माझ्याच्यानं शेवटपर्यंत झाला नाही.

"पुढे तराफ्याचा धक्का आहे," आर्लेदिस म्हणाली. "लिबार्दोला सांगू, तो थांबवेल." लिबार्दो नदीवर तराफा चालवतो. काठापासून काठापर्यंत ताणलेल्या तारेला तराफा बांधलेला, आणि त्याला पलीकडे नेतो तो प्रवाह. इंजिन नाही. आर्लेदिसनं फोन लावून माझ्या कानाला धरला.

"लिबार्दो! माझी बायको आली का रे तिकडे?"

"आल्या ना, सर! काळजीच नको. सावलीत बसवलंय फळीवर. सायकल मी स्वतः चढवली."

"तिला उतरव."

"आता? सर, दोर सुटलाय. मध्यावर आलोय."

"मग मागे फिरव!"

"सर," लिबार्दो समजुतीनं म्हणाला, "आता नदी ऐकेल का माझं? तुम्ही नाही का शिकवलं, पाणी खालच्या..."

मी फोन परत दिला.

दोरी सुटायला अडतीस मिनिटं लागली. त्यातली नऊ त्या गृहस्थानं झाडाच्या बुंध्यावर, मान्सूएवढ्या उंचीवर काढली. मान्सू हा माझा ठेंगणा शेजारी. त्याला पुरुष धरावं का, यावर मी यादेरशी वाद घातला आणि हरलो. यादेर बुंध्यावर हात लावून म्हणाला, "सर, तुम्ही खूण केलीय इथं. खडूची. मी दर महिन्याला गिरवतो."

मी सायकलवर टांग टाकली तेव्हा मागून तोच ओरडला, "सर, टेन्शन नको! मी ग्रुपवर टाकलंय! बाईंच्या फोटोसकट! सगळं गाव शोधेल!"

तो ग्रुप म्हणजे आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा. चारशे बारा जण. योलिमाही आमच्याच शाळेची.

मी धक्क्यावर पोचलो, तर तराफा पलीकडे होता. लिबार्दो रिकामा तराफा आणत नाही, चार माणसं जमेपर्यंत गप्पा मारतो. मी काठावरून हात हलवले. त्यानंही प्रेमानं हलवले. खिशात फोन थरथरायला लागला. मी काढून पाहिला: योलिमा. परत ठेवला. पुन्हा थरथरला. नदी सावकाश वाहत होती, आणि तिला घाई करायला सांगण्यासारखा कुणी अधिकारी मला आठवेना.

शेवटी पलीकडे उतरलो, तेव्हा लिबार्दो म्हणाला, "वर गेल्या, डावीकडे. कशा चालवतात हो! मी म्हटलं, सर येईपर्यंत बसा. म्हणाल्या, बाबांचं दूध नासेल."

डावीकडे तिच्या वडिलांचा गोठा होता. सत्तावीस वर्षांपूर्वी तो गेला. आता तिथं मोटारसायकलींच्या टायरचं दुकान आहे. दुकानाबाहेर, टायरांच्या चळतीच्या सावलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर दिल्सा बसली होती. सायकल भिंतीला टेकवलेली. दुकानदारानं तिला केळीच्या पानात उकडलेला मक्याचा गरम बोयो आणून दिला होता आणि ती तो फुंकून फुंकून खात होती. मी सायकल आडवी टाकली आणि तशीच राहू दिली.

"बसा ना," ती म्हणाली आणि शेजारचा टायर दाखवला. "तुम्हीसुद्धा कुणाची वाट बघताय?"

मी बसलो. "तुम्ही कुणाची बघताय?"

"आमच्या ह्यांची. मास्तर आहेत. मागून येतायत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सायकल धड येत नाही त्यांना. पण आपण बोलायचं नाही, मनाला लावून घेतात."

"फार उशीर झाला का त्यांना?"

"होणारच. मुंगी आडवी आली तरी उभे राहतात. माणूस चांगला आहे हो, पण त्याला सोबत न्यायचं म्हणजे..." तिनं मान हलवली आणि बोयोचा अर्धा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. "अरे देवा, हात कुठं ओरबाडला एवढा?"

"बोगनवेलीत."

"त्यांनीच लावलीय ती," ती म्हणाली. "कितीदा सांगितलं, काटे असतात."

फोन पुन्हा थरथरला. "घ्या की," दिल्सा म्हणाली. "घरचं माणूस असेल. जीव टांगणीला लागतो हो."

मी घेतला. "बाबा! आई कुठाय? ग्रुपवर काय आलंय हे? अमका म्हणतो धक्क्यावर, तमका म्हणतो पलीकडे..."

"माझ्यासमोर बसलीय. खातेय. ठणठणीत आहे."

"मग तुम्ही होता ना बरोबर? हरवली नव्हती ना? मला खरं सांगा."

मला खोटं बोलता आलं असतं. चाळीस वर्षांत मी तिच्याशी दोनदाच खोटं बोललो होतो, दोन्ही वेळा मांजराबद्दल. मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा. आईलाच द्या."

मी फोन दिल्साच्या हातात दिला. तिनं तो कानाला लावला, पदवीदान समारंभाला बसावं तशी ताठ बसली आणि मन लावून ऐकत राहिली.

"हो... हो, बरी आहे. नाही, एकटीच आले मी. नाही बाई, ते अजून आले नाहीत. आले की सांगते."

तिनं फोन मला परत केला, ओठांना लागलेला मक्याचा कण बोटानं टिपला आणि म्हणाली, "कुणी मुलगी होती. गोड होती, पण रडत होती बिचारी. शनिवारी न्यायला येतेय म्हणाली."

समोरच्या वाटेवरून एक सायकल गेली. तिनं मान उंचावून पाहिलं, मी नव्हतो.

"कुणाला न्यायला येतेय हो?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "विचारून सांगतो."