सुईवाल्यांची सही

संग्रहालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या लांबट खोलीत सुईवाले सव्वीस वर्षं दगडातून प्राचीन प्राण्यांची हाडं मोकळी करत होते. डोळ्यांपुढे सूक्ष्मदर्शक, हातात हवेच्या दाबावर थरथरणारी टोचणी, आणि हाड जवळ आलं की टोचणी बाजूला ठेवून साधी सुई. म्हणून सगळे त्यांना सुईवाले म्हणत. दिवसाकाठी नखाएवढा दगड निघाला तरी दिवस सत्कारणी लागला म्हणायचं. उतावळ्या माणसाचं हे काम नव्हे.

सुईवाल्यांची देवावर गाढ श्रद्धा. त्यांच्या धर्मग्रंथात लिहिलं होतं की जग काही हजार वर्षांपूर्वी निर्माण झालं आणि प्रत्येक प्राणी देवानं आज दिसतो तसाच घडवला. सुईवाले ते अक्षरशः मानत. आणि ज्यांच्या हाताखाली ते काम करत त्या मॅडम हाडांची वयं कोटींच्या घरात सांगत. पहिल्याच आठवड्यात सुईवाल्यांनी विषय काढला होता.

"मॅडम, तुमचे हे आकडे मला पटत नाहीत. मागाहून कानावर जाण्यापेक्षा तोंडावर सांगितलेलं बरं."

"हाड फुटू देणार नाही ना?"

"जीव गेला तरी नाही."

"मग झालं तर. कामाला लागा," मॅडम म्हणाल्या, आणि विषय तिथेच मिटला.

रोज कामाला बसण्यापूर्वी सुईवाले डोळे मिटून दोन मिनिटं देवाचे आभार मानत. हात थरथरत नाहीत म्हणून, डोळे अजून शाबूत आहेत म्हणून, आणि मॅडमसारखी माणसं भेटली म्हणून. एकदा मॅडमना याचा पत्ता लागला.

"अहो, मला कशाला ओढता त्यात? मी तर देवाला मानत नाही."

"तुम्ही देवाला मानत नाही, पण मी तुम्हाला मानतो ना. त्याला तेवढं पुरतं."

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा नाकावरून घसरला.

अशी वर्षं सरली. मग संग्रहालयाला नवे संचालक आले, आणि त्यानंतर तीनच महिन्यांत एक शाळामास्तर हाडं बघायला तळमजल्यावर आले. त्यांनी सहज विचारलं, "हे किती जुनं असेल हो?"

"मॅडम सांगतात साडेसात कोटी वर्षं. त्यांचा अभ्यास मोठा आहे. पण मला विचाराल तर माझा नाही बुवा विश्वास."

झालं! मास्तरांनी घरी जाऊन दोन पानी पत्र लिहिलं. विज्ञानाच्या घरात असा माणूस बसवलाच कुणी, असा त्यात सवाल होता. संचालकांनी सुईवाल्यांना बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण नव्यानं खुर्चीवर बसलेला, त्यामुळे प्रत्येक कागदाला जपणारा.

"घरी तुम्ही काय मानता ते तुमच्यापाशी," ते म्हणाले. "पण हाडं मोकळी करणारा माणूसच असं बोलला, तर लोकांनी आमच्या हाडांवर भरवसा ठेवायचा तरी कसा?"

प्रश्न वाजवी होता, हे सुईवाल्यांनाही कळत होतं. संचालकांनी टेबलावरून एक कागद पुढे सरकवला. संग्रहालयानं मांडलेली कालगणना आणि उत्क्रांतीचा सिद्धान्त मला मान्य आहे, असं त्यावर टाइप केलेलं होतं. सोमवारपर्यंत सही, नाहीतर गोदामात बदली.

"साहेब, त्या दिवशी चुकलंच माझं. त्यांनी वय विचारलं होतं, माझं मत नव्हे. यापुढे पाहुण्यांसमोर तोंड उघडणार नाही. पण ही सही खोटी होईल."

"विचार करा," संचालक म्हणाले.

घरी बायकोला कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, "अहो, सही केल्यानं काही हात झिजत नाहीत. माझ्या भावाच्या थापांना तुम्ही हो ला हो करताच की."

"ते तोंडी असतं. तुझ्या भावाला मी कधी लिहून दिलंय का?"

ती हसली, पण तिच्या डोळ्यांतली काळजी हटली नाही. गोदाम म्हणजे दिवसभर खोकी उचलायची, आणि नवऱ्याचे गुडघे तिला ठाऊक होते. त्यातच प्रार्थनेला येणाऱ्या मंडळींमधल्या थोरल्या गृहस्थांनी वेगळाच सूर लावला. "बरं झालं. सोडून द्या ती नोकरी. असल्या लोकांची चाकरी करूच नये." हे सुईवाल्यांना जास्त लागलं. इकडे आड, तिकडे विहीर.

शुक्रवारी दुपारी ते नेहमीसारखे दगडापुढे बसले. हातातलं काम एका लहान, दोन पायांवर पळणाऱ्या प्राण्याचं होतं. बाहूचं हाड तळहातापेक्षाही लहान. भोवतीचा दगड हाडापर्यंत साफ करा, अशी मॅडमचीच लेखी सूचना होती. मान अवघडली म्हणून सुईवाल्यांनी दिवा जरा बाजूला ओढला. उजेड तिरका पडला, आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला.

हाडाच्या कडेपासून केसासारख्या बारीक रेषा निघाल्या होत्या. शेजारी शेजारी, एकाच कलानं. दिवा सरळ धरला की नाहीशा, तिरपा केला की पुन्हा हजर. या प्राण्याच्या अंगावर पिसं सापडली तर त्याचं आणि पक्ष्यांचं नातं पक्कं होईल, हे मॅडम विद्यार्थ्यांना सांगत आणि सुईवाले पाठमोरे बसून ऐकत. शंभरदा ऐकलं असेल. म्हणजे ज्या कागदावर सही करवत नव्हती, त्याच कागदाच्या बाजूची साक्ष त्यांच्या सुईपासून बोटभर अंतरावर होती.

सूचनेप्रमाणे काम चालू ठेवलं असतं तर अर्ध्या तासात त्या रेषांचा भुगा झाला असता. ब्रश फिरवला की तोही उडाला असता. कुणी बोट दाखवलं नसतं, उलट काम चोख झालं म्हटलं असतं.

सुईवाल्यांनी सुई खाली ठेवली. ज्यानं हे ठेवलं त्यानं ठेवलं, पुसणारा मी कोण, एवढंच मनात आलं. मग दगडावर मऊ कापड अलगद पसरून ते दुखऱ्या गुडघ्यांनी दोन जिने चढले.

"मॅडम, खाली चला. चष्मा पुसून घ्या आधी."

मॅडम बराच वेळ सूक्ष्मदर्शकावर वाकून राहिल्या. मान वर केली तेव्हा डोळे भरले होते.

"सुईवाले, कळतंय ना तुम्हाला हे काय आहे?"

"सव्वीस वर्षं तुम्हीच तर कान पिकवलेत माझे. पिसं आहेत."

"मग? काय वाटतंय तुम्हाला?"

"मला वाटतं देवानं याला पिसंसुद्धा दिली होती. तुम्हाला दुसरं वाटेल. पण पिसं आहेत, यात आपलं भांडण नाही."

मॅडम स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "माझ्या मताच्या उलट जाणारी रेष मला दिसली असती, तर मी इतक्या लगबगीनं जिना चढले असते का कोण जाणे."

मग त्या तडक वर गेल्या आणि संचालकांनाच खाली घेऊन आल्या. रेषा दाखवल्या, आपली लेखी सूचनाही दाखवली. संचालक सुईवाल्यांकडे वळले.

"खरवडून टाकल्या असत्यात तर?"

"कुणाला कळलं नसतं, साहेब."

"मग?"

"मला कळलं असतं. आणि ज्याच्यापुढे रोज डोळे मिटतो, त्याला."

संचालक खिशातून पेन काढून म्हणाले, "तो कागद फाडा. भरवसा कसा ठेवायचा म्हणून विचारलं होतं मी, उत्तर मिळालं. आता तुम्ही सांगा, मी लिहितो."

सुईवाल्यांनी जरा विचार करून सांगितलं, "दगडात जे आहे ते मी पुसणार नाही. जे नाही ते घालणार नाही. कुणी वय विचारलं तर मॅडमकडे पाठवीन."

लिहून झाल्यावर सुईवाल्यांनी ठसठशीत सही केली. "थांबा," म्हणत मॅडमनीही खाली आपली ठोकली.

पुढे मॅडमचा शोधनिबंध छापून आला, आणि या रेषा ज्यांच्या सचोटीमुळे वाचल्या त्यांचे आभार, असं त्यात सुईवाल्यांविषयी वेगळं वाक्य होतं. प्रार्थनेच्या मंडळींतल्या त्या थोरल्या गृहस्थांनी मात्र अबोला धरला, तो आजतागायत. सुईवाल्यांना ते खुपतं. तरीही ते त्यांना रोज नमस्कार करतात.

एका रविवारी बायको रेषा बघायला आली, तेव्हा मॅडमही खालीच होत्या. एक डोळा मिटून सूक्ष्मदर्शकात बघत राहिली.

"मला मेलीला काही दिसत नाही."

सुईवाल्यांनी दिवा तिरपा केला.

"अगं बाई!" ती पुटपुटली. मग मॅडमचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "यांना सांभाळून घेतलंत हो."

"मी? अहो, त्यांनीच मला सांभाळलं," मॅडम म्हणाल्या. मग त्या तिला वरची दालनं दाखवायला घेऊन गेल्या. जिन्यावरून दोघींचं हसणं खाली येत राहिलं. सुईवाल्यांनी पुढचा दगड जवळ ओढला.