सालोमीबाईंचे आंबवण

ज्युलीने माझ्यापुढे दोन छायाचित्रे ठेवली. दोन्हींवर निळसर ठिपके विखुरले होते, जणू रात्रीच्या आकाशाचे दोन तुकडे. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. ठिपक्यास ठिपका जुळत होता.

"हे आतेच्या आंबवणातलं यीस्ट, गुरुजी," ती म्हणाली. "आणि हे तुळिंजच्या दुकानातून आणलेल्या पुडीतलं."

ज्युली ही माझी शाळेतील विद्यार्थिनी. पुढे ती संशोधनासाठी मुंबईस गेली. आपल्या प्राचीनांनी ज्यास किण्व म्हटले, त्या सूक्ष्म जीवाच्या पेशीतील यच्चयावत प्रथिनांची शिरगणती करणे, आणि ती पेशी काय ग्रहण करते व काय बाहेर टाकते याची नोंद ठेवणे, हे तिचे सहा वर्षांचे कार्य. छायाचित्रातील प्रत्येक ठिपका म्हणजे असे एक प्रथिन. तिचा सिद्धान्त असा की, वसईच्या खाडीकाठच्या ताडांवर पिढ्यानुपिढ्या वाढलेल्या यीस्टने खारा वारा सोसण्यासाठी काही निराळीच प्रथिने घडविली आहेत. त्या यीस्टचे एकच स्थान उरले होते: तिची आते सालोमीबाई यांच्या स्वयंपाकघरातील चिनी मातीची बरणी. लग्न निघाले की फुग्यांचे, म्हणजे तळलेल्या गोल पावांचे, पीठ आंबविण्यासाठी अर्धा गाव त्याच बरणीतून वाटीभर आंबवण नेत असे.

प्रबंध सोमवारी सादर व्हायचा होता. आजवरची तुलना प्रयोगशाळेतील यीस्टशी होती; बाजारातल्या यीस्टशीही एकदा करून टाक, असे मार्गदर्शकांनी अगदी सहज सुचविले, आणि दोन्ही यीस्ट एकच निघाले.

"तुझ्याच हातून नळ्यांची अदलाबदल झाली नसेल?" मी विचारले.

"तीन वेळा केलं, गुरुजी. तिन्ही वेळा नव्या नळीतून." ती उठली. "चला माझ्याबरोबर. आते माझ्याशी गोड बोलून विषय टाळील. तुमच्यासमोर नाही टाळणार."

सालोमीबाई ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या.

"अगो बाय, ज्युली! नि मास्तरपन! आज सूर्य कुठं उगवला? डॉक्टर झालीस का नाय अजून? तुझ्या वर्गातल्या पोरी दोन-दोन लेकरांच्या आया झाल्या."

"आते, बरणीत तू काय काय घालतेस?"

"काय घालनार? पीठ, पानी, ताडी."

"आते."

"चिमूटभर साखर."

सालोमीबाईंनी माझ्याकडे पाहिले, मग सूप बाजूला सारले, आत गेल्या आणि एक लहानसा डबा आणून आमच्यापुढे ठेवला. आत राजगिऱ्यासारखे बारीक, भुरे दाणे होते.

"ताडीवाल्या कृष्णानं ताडावर चढनं सोडलं," त्या खाली पाहत म्हणाल्या. "दुसऱ्याची ताडी कसली, नुसतं पानी. फ्लॉसीच्या लग्नाला आंबवन मेलं. पीठ रात्रभर ढिम्म. माझ्याच लेकीचं लगीन नि चारशे मानसं जेवायला! बेकरीवाल्याकडनं हे आनलं, चमचाभर टाकलं, तर पीठ पातेल्याबाहेर आलं. सगळे म्हनाले, सालोमीच्या हाताची सर कुनाला नाय. तवापासनं टाकते."

"मी बाटल्या भरून नेत होते, तेव्हा का नाही सांगितलंस?" ज्युलीचा आवाज अगदी शांत होता, आणि त्यामुळेच तो ऐकवत नव्हता.

"पयल्यांदा नेलीस तवा कशाला नेतेस तेच कळलं नाय. कळलं तवा सांगनार होते गो. तेवढ्यात ह्यांचं भाषन झालं."

त्यांचे बोट माझ्याकडे होते.

ज्युलीस शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा चर्चच्या सभागृहात सत्कार झाला होता. तेथे मीच म्हणालो होतो की, अग्निहोत्र्याच्या घरी जसा अखंड अग्नी, तसे सालोमीबाईंच्या बरणीतील किण्व. लोकांनी केवढ्या टाळ्या वाजविल्या होत्या!

"दीडशे वर्षं विझला नाय असा जाळ म्हनालात, मास्तर. अख्ख्या गावासमोर मला उभं केलंत, फादरनं शाल घातली. मग मी कुठल्या तोंडानं सांगू, जाळ विझला नि मी बेकरीतनं काडी आनली म्हनून?"

चाळीस वर्षे मी शब्द तोलून वापरावेत असे मुलांना शिकविले, आणि जो शब्द मी न तोलता वापरला, तो एका सरळ बाईच्या तोंडावर कुलूप होऊन बसला होता.

"आता कोन बघायला येतंय?" सालोमीबाई हळूच म्हणाल्या. "दे तुझं पुस्तक सोमवारी. मी मरेपर्यंत तोंड उघडनार नाय."

क्षणभर, केवळ एक क्षण, मलाही ते वचन हवेसे वाटले.

ज्युलीने भिंतीजवळचा टेलिफोन उचलून मार्गदर्शकांचा क्रमांक फिरविला. "सर, नळ्या बदलल्या नव्हत्या. आंबवणातच बाजारचं यीस्ट होतं."

सालोमीबाईंनी तिच्या हातातून फोन ओढूनच घेतला. "सायब, पोरीनं कायपन केलं नाय. टाकलं ते मी." पलीकडून काही विचारले गेले असावे. "कदी? फ्लॉसीच्या लग्नात. सत्त्यान्नवच्या मे महिन्यात."

"माझी पहिली बाटली त्याच वर्षीच्या नाताळातली," ज्युली म्हणाली. तिने आतेकडे हात पसरला. सालोमीबाईंनी फोन तिच्या हातात दिला.

"सर, माझे सगळे नमुने त्या लग्नानंतरचे, एकही उरत नाही. मी सोमवारी येईन, पण प्रबंध आणणार नाही."