सखल प्रदेशाचा हिरवा रंग

भिंतीवर टांगायच्या प्राकृतिक नकाशांची मूळ प्रत रंगवणे, हे रंगकाकांचे आयुष्यभराचे कर्म होते. नद्यांच्या आणि सारख्या उंचीच्या ठिकाणांना जोडणाऱ्या काळ्या रेषा तेवढ्या आखून येत. त्या रेषांमधली पृथ्वी भरायची ती त्यांच्या कुंचल्याने. आपल्या खंडाचा नकाशा तर त्यांनी इतक्या वेळा रंगवला होता की डोळे मिटूनही हात चुकला नसता. उत्तरेच्या हिमशिखरांसाठी ते कागदाचा पांढरेपणाच राखून ठेवत. त्याखाली तपकिरी पठारे, मग पिवळसर उतरणी, मग महानद्यांची फिकट हिरवी मैदाने. आणि खंडाच्या मध्यभागी, चहूकडून डोंगरांनी कोंडलेला, समुद्रसपाटीच्याही खाली उतरलेला जो विशाल खोलगट प्रदेश आहे, त्याला सर्वांत गर्द हिरवा.

हा हिरवा वनश्रीचा नव्हे, केवळ सखलपणाचा. त्या प्रदेशात ढगांना डोंगर ओलांडून येता येत नाही, नद्या समुद्राला न भेटताच खाऱ्या सरोवरांत विरून जातात, आणि उन्हाळ्यात त्या सरोवरांच्या काठचे मीठ वाऱ्यावर उडते. पण नकाशातल्या रंगाने उंची सांगावी, एवढेच त्याचे कर्तव्य. बाकीच्याविषयी तो मौन पाळतो.

रंगकाकांचा एकुलता एक मुलगा पशुवैद्य होता, आणि सून एका रोपवाटिकेत कामाला होती. पत्नी निवर्तल्यापासून त्या दोघांच्या वावरण्यानेच घराला घरपण होते. एके संध्याकाळी मुलगा बदलीची बातमी घेऊन आला. दोन जागा रिकाम्या होत्या. त्यांतली एक आठवड्याच्या आत निवडायची होती.

"मला काही विचारू नका," बुटाच्या नाड्या सोडत तो म्हणाला. "गाय इथेही गाय आणि तिथेही गाय. हिची रोपं जिथे जगतील तिथे आपण."

"म्हणजे पुढे कुरकुर करायची तर माझ्या नावानं," सून हसली आणि सुकायला टांगलेल्या नव्या नकाशापुढे जाऊन उभी राहिली. "बाबा, तुम्हीच दाखवा. यातली पहिली जागा कुठली?"

काकांनी उत्तरेच्या पठारावर बोट ठेवले.

"आणि दुसरी?"

बोट मध्यभागी उतरले. "ही. संध्याकाळी गाडीत बसलं की सकाळी पोचतो माणूस."

"अगबाई, हे तर हिरवंगार आहे. आणि वर नुसता तपकिरी खडक. इथे झाडी चांगली असणार, हो ना बाबा?"

कोणता रंग कोणती उंची दाखवतो हे सांगणारी पट्टी नकाशाला सर्वांत शेवटी चिकटवतात. ती अजून मेजावर पडली होती. उचलून तिच्या हाती दिली असती तरी पुरे होते. पठारावर नुसता खडक नव्हता, हे काका जाणून होते. तिथे बर्फाच्या पाण्यावर फळबागा पोसल्या जात. पण तिथे जाणारा एकच घाट हिवाळा लागताच बंद होई, आणि मग वर्षाचा मोठा भाग मुलाचे तोंड दिसणार नव्हते. खरा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला आणि तिथूनच माघारी फिरला.

"हिरवा आहे खरा," ते म्हणाले.

"ठरलं तर मग," सून म्हणाली, आणि रोपे कोणत्या खोक्यांत न्यायची याचा विचार करत आत गेली.

ते दोघे गेले, आणि मुलगा जवळच राहिला या समाधानात काकांचे पहिले काही आठवडे गेले. दर रविवारी ते फोन करीत आणि विचारीत, "पाऊस झाला का?" सून म्हणे, "नाही अजून." या दोन शब्दांतला ओलावा मात्र दर खेपेस कमी होत गेला. मुलगा काही आला नाही. खारे पाणी पिऊन जनावरे आजारी पडत होती, आणि त्याचा एकही दिवस मोकळा जात नव्हता.

"काय रंगकाका," छापखान्यातला जुना यंत्रचालक एकदा म्हणाला, "पोरगा हाकेच्या अंतरावर आहे म्हणता, मग दिसत कसा नाही?"

"कामात असतो."

"मग तुमच्या हाकेतच दम उरला नसेल."

काका हसले, पण त्याच आठवड्यात त्यांनी गाडी धरली.

सकाळी फलाटावर उतरले तेव्हा चुन्यासारखी पांढरी धूळ पायाला लागली. ओठ चाटले आणि कळले की ते मीठ आहे. क्षितिजापर्यंत कुठे झाड नव्हते. इतकी वर्षे ज्या भूमीवर त्यांनी गर्द हिरव्याचे हात दिले, तिचा खरा रंग राखेचा होता.

मुलगा पहाटेच बाहेर पडला होता. सुनेने दार उघडले. तिच्या हातांना भेगा पडल्या होत्या. अंगणात कुंड्यांची रांग होती, आणि प्रत्येक कुंडीतल्या कोरड्या काटकीभोवती मातीवर पांढरी साय धरली होती. काकांचा चहा निवून गेला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

"सूनबाई," अखेर ते म्हणाले, "त्या दिवशी तू मला विचारलं होतंस..."

"माहीत आहे, बाबा." तिचा आवाज शांत होता. "इथल्या शाळेत तुमचाच नकाशा आहे. खाली रंगांची पट्टी आहे. मास्तर मुलांना समजावत होते, मी दारात उभी होते. येऊन महिनासुद्धा झाला नव्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून. दर रविवारी वाटायचं, आज सांगतील. तुम्ही पावसाचं विचारून फोन ठेवून द्यायचात."

काकांची मान खाली गेली. "त्याला ठाऊक आहे?"

"नाही. त्यांना वाटतं, माझीच निवड चुकली. चिडले की तसं म्हणतात. मी म्हणू देते. वडील आहात तुम्ही त्यांचे."

तिने माझ्यावर रागवावे, चार शब्द टाकून बोलावे, असे काकांना तळमळून वाटले. पण ती पदराने मेजावरची धूळ टिपत राहिली. मग तिने विचारले, "पठारावरची जागा पुन्हा रिकामी झाली आहे. अर्ज करावा म्हणतो आम्ही. तिथे कसं असतं, बाबा?"

आणि काकांनी सांगितले. काहीही न गाळता. "थंडी हाडांत शिरते. वारा थांबत नाही. पण उन्हाळ्यात बर्फ वितळतं आणि ओढे भरून वाहतात. माती काळी, भुसभुशीत आहे. जर्दाळू येतात, सफरचंदं येतात. घर दक्षिणेच्या उतारावर घ्या, तिथे ऊन टिकतं."

"आणि घाट?"

"पहिल्या बर्फालाच बंद होतो. उघडतो तो उन्हाळ्याच्या तोंडाशी. मधल्या काळात कुणाचं येणं नाही, जाणं नाही."

प्रत्येक वाक्यागणिक मुलगा आपल्यापासून दूर जातो आहे हे त्यांना कळत होते, तरी ते थांबले नाहीत. सुनेने सारे लक्षपूर्वक ऐकून घेतले. मग निवलेल्या चहाचा कप उचलला.

"बरं झालं सांगितलंत," ती सौम्यपणे म्हणाली. "उद्या मास्तरांनाही एकदा विचारून घेते."

काकांनी तिच्या भेगाळलेल्या हातांकडे पाहिले.

"विचार," ते म्हणाले. "जरूर विचार, पोरी."