काकूंची आडवी स्क्रीन

“काय सांगता काकू, पुन्हा आडवी?” नवा फोनवर म्हणाला आणि हसला.

हे वाक्य माझं होतं. सात वर्षं मी ते वापरत होतो, हसण्यासकट.

आमचं नकाशांचं कार्यालय आहे. तळमजल्यावर संगणक दुरुस्ती, म्हणजे मी. दोन महिन्यांपासून मी आणि नवीन नेमलेला एक जण, त्याला मी नवाच म्हणतो. तिसऱ्या मजल्यावर नकाशे काढणाऱ्या काकू. मधे बासष्ट पायऱ्या आणि एक लिफ्ट, जिच्यात सध्या मोडक्या खुर्च्या राहतात.

सगळ्या संगणकांवर लिनक्स आहे आणि ते मीच घातलेलं. सुरुवातीला काकू म्हणाल्या होत्या, “अरे, काही नकाशे ताडासारखे उंच असतात. मॉनिटर उभा करता येतो, पण चित्र आडवंच राहतं. काहीतरी कर.” मी एक शॉर्टकट करून दिला. कंट्रोल, ऑल्ट आणि उजवा बाण दाबला की चित्र कुशीवर वळायचं. काकूंनी मला देवमाणूस म्हटलं. घोळ इतकाच झाला, की तीच तीन बटणं दाबून दुसऱ्या कार्यपटलावर, म्हणजे स्क्रीनच्या दुसऱ्या पानावर, जाता येतं, आणि काकू आपली पत्रं तिकडे ठेवत. पत्र बघायला गेल्या की पत्रासकट चित्र आडवं. मग फोन. मग मी, बासष्ट पायऱ्या.

दोन कामांना एकच शॉर्टकट. एक बदलला की संपलं. दोन मिनिटांचं काम, पण मी ते सात वर्षं पुरवून पुरवून खाल्लं.

कारण वर गेलो की काकू बोलायच्या. मी गंभीर चेहऱ्याने स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत काहीबाही टाइप करायचो आणि त्या त्यांच्या जावेबद्दल सांगायच्या. जावेने कुकर नेला, परत केला, पण शिट्टी ठेवून घेतली. जावेने चारचौघांत काकूंच्या केसांना ‘हिंमत आहे बाई’ म्हटलं. त्या जावेला मी जन्मात पाहिलेलं नाही, पण रस्त्यात भेटली तर मी तोंड फिरवीन. माझ्या घरी मी आणि एक फ्रिज. फ्रिजला जाऊ नाही.

“काकू, तुम्ही फक्त हात बाजूला घ्या,” नवा म्हणत होता. त्याने आपल्याच संगणकावर काकूंची स्क्रीन उघडली. जागचा उठलासुद्धा नाही. “आणि हो, जाऊबाईंनी शिट्टी परत केली का?”

माझ्या हातातला पेचकस खाली पडला.

दोन महिन्यांत याला शिट्टीपर्यंत पोचवलं? मला शिट्टी कळायला दीड वर्ष लागलं होतं! त्याआधी मी नुसत्या कुकरवर होतो.

अकरा मिनिटांत त्याने फोन ठेवला. “दादा,” तो म्हणाला. वयाने माझ्याएवढाच आहे, पण दादा म्हणतो. माणसाला कोपऱ्यात बसवायची ही जुनी रीत आहे. “कुणीतरी दोन कामांना एकच शॉर्टकट दिला होता. सात वर्षं! कोण गाढव असेल हो?”

“असेल आधीचा कुणीतरी,” मी म्हणालो.

“तुमच्या आधी इथे कोण होतं?”

“टाइपरायटर होते.”

त्याने बराच वेळ विचार केला आणि मग तो जेवायला गेला.

मी जेवलो नाही. पोट भरलेलंच होतं. त्यात दुखत होतं. काकूंना आता खाली फोन करायचं कारणच उरलं नव्हतं. गंमत अशी, की नव्याला फोन करायचं कारणसुद्धा त्याच्याच हातून गेलं होतं, आणि तरी मला आनंद होईना. मी खुर्ची ओढली आणि नव्याच्याच पद्धतीने, जागेवरून न उठता, काकूंच्या संगणकात शिरलो. जुना बिघाड जसाच्या तसा परत बसवायचा एवढाच माझा प्रामाणिक हेतू होता. मग काकू फोन करतील, ‘त्या नव्याला काही येत नाही रे’ म्हणतील, आणि मी गंभीर चेहरा घेऊन वर जाईन.

पण मत्सरात टाइपिंग करू नये. शॉर्टकटची ओळ मी चुकीच्या फाइलीत टाकली, जी संगणक सुरू होताना वाचली जाते. आणि ‘कुशीवर’च्या जागी ‘उलटं’ लिहिलं. काकू जरा उशिरा जेवायला जातात आणि जाताना संगणक बंद करतात. परतल्यावर सुरू करतात. म्हणजे दीड वाजता त्यांचं जग डोक्यावर उभं राहणार होतं, तेही कुठलंच बटण न दाबता. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दीड वाजला. दोन वाजले. फोन माझ्याकडे आला नाही. त्याच्याकडेही नाही. तीन वाजता मी फोन उचलून तो चालू आहे का ते बघितलं. साडेतीनला पुन्हा बघितलं.

“कुणाचा यायचाय का दादा?” नव्याने विचारलं.

“राँग नंबरची वाट बघतोय.”

चारला मी उठलो आणि वर गेलो.

काकू शांतपणे नकाशा काढत बसल्या होत्या. त्यांच्यासमोरचा मॉनिटर खाली डोकं वर पाय होता. पाया छताकडे, कंपनीचं नाव उलटं, कडेला दोन्ही बाजूंनी नकाशांचे जाडजूड खंड टेकू म्हणून, आणि वरून भिंतीच्या खिळ्याला सुतळी. स्क्रीनवर मात्र सगळं सुलट होतं. उत्तर दिशा वर.

“काकू, हे काय?”

“अरे, चित्र उलटं येत होतं. मग मी डबा उलटा केला.” त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. “कागद उलटा आला तर आम्ही कागद फिरवतो. त्यात काय एवढं?”

“फोन करायचा ना!”

“सकाळीच एकदा केला होता त्याला. किती वेळा करायचा?”

“त्याला केलात,” मी म्हणालो. हे मला बोलायचं नव्हतं. “मला नाही केलात. दोन महिने झाले, एकदाही नाही.”

काकूंचा हात थांबला.

“दोन महिन्यांपूर्वी तू शेवटचा वर आलास तेव्हा दारात धापा टाकत उभा होतास,” त्या म्हणाल्या. “घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. ओठ पांढरे. मी म्हटलं, या पोराला माझ्यापायी काही झालं तर कुणाला तोंड दाखवू? मग साहेबांना सांगितलं, खालच्या खाली बसून दुरुस्त करणारा एखादा आणा म्हणून.”



“म्हणजे त्याला तुम्ही आणलंत?”

“मी कशाला? साहेबांनी आणलं. मी नुसतं डोकं खाल्लं.” मग त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “आता आलाच आहेस तर नीट कर. पण थांब, ही नदी संपू दे.”

मी थांबलो. नदी चार गावांना वळसा घालून एकदाची समुद्रात गेली. काकू उठल्या. मी खुर्चीत बसून चुकीची ओळ शोधली, पुसली आणि संगणक पुन्हा सुरू केला. शॉर्टकट तपासले. नव्याने दोन कामांना दोन वेगळी बटणं दिली होती. काम चोख होतं. त्याला मी हात लावला नाही.

“झालं.”

“इतक्यात?” काकू म्हणाल्या. “तुला तर तास तास लागायचा.”

“तेव्हा शिकत होतो.”

“आता नाही ना होणार?”

“नाही.”

“परत कधीच?”

“कधीच नाही, काकू.”

“बरं झालं बाई,” त्या म्हणाल्या, आणि सुतळी सोडायला लागल्या.

आता स्क्रीनवर नकाशा उलटा दिसत होता, कारण चित्र सरळ झालं होतं आणि मॉनिटर अजून डोक्यावरच होता. मी दोन्ही हातांनी मॉनिटर उचलला, काकूंनी खंड बाजूला सारले, आणि मी तो फिरवून पायावर उभा केला. काचेवर माझ्या बोटांचे ठसे उठले होते, नदीच्या मुखाशी चार आणि वर डोंगरात एक.

काकूंनी खणातून फडकं काढलं. आधी चार पुसले. मग चष्मा सावरून, जवळ वाकून, डोंगरातला.