शिवदासचा वाटा

रावजीला त्या शुक्रवारी शिकारीला जायचं नव्हतं. पण आदल्या संध्याकाळी अरबाब म्हणाला, "कल सुबह, रावजी," आणि रावजीच्या तोंडून सवयीने "जी" निघून गेलं. आठ वर्षं ज्याची गाडी चालवली, ज्याच्या पगारावर गावच्या घरावर कौलं चढली, त्याला नाही म्हणायला जीभ वळायला हवी ना. ती काही वळली नाही.

अरबाब म्हणजे मालक. कमाल त्याचं नाव, बहारीनला मनाम्यात बांधकामाच्या सामानाचं दुकान. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गावाकडे वर्षभर त्याच्या नावाने बोटं मोडणं चालू होतं आणि ते ऐकून तुमचाही गैरसमज व्हायचा.

सप्टेंबर लागला की उत्तरेकडून होल्यांचे थवे बहारीनला उतरतात. बुदैय्याच्या रस्त्याला खजुराच्या बागा संपल्या की सरकारी मोकळी जमीन लागायची. पूर्वी तिथे गुरांच्या चाऱ्याची शेतं होती, आता अर्धी ओसाड पडलेली. कुणीही यावं, कुणीही जावं. पण कमालच्या आणि त्याच्या चार दोस्तांच्या आपसांतल्या ठरावाप्रमाणे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारच्या आधी कुणी बार काढायचा नाही. मग त्या दिवशी कोणाच्या पिशवीत किती होले, याची चर्चा पुढच्या सप्टेंबरपर्यंत.

रावजी संगमेश्वराकडचा. बाप गावच्या डुकराच्या शिकारीत हाकारा होता, रान उठवायचा. गाडी चालवता चालवता रावजीने त्या शिकारीच्या गोष्टी कमालला इतक्या सांगितल्या होत्या की कमालने त्यातल्या दोन रीती स्वतःच्या शिकारीला लावून घेतल्या. एक हाकेची. हाकाऱ्याने रानात शिरलं की सारखी हाळी देत राहायची. हाळी येते आहे त्या बाजूला बंदूक वळवायची नाही. हाळी थांबली म्हणजे माणूस झाडाच्या किंवा बांधाच्या आड बसला, आता खुशाल बार काढा.

दुसरी रीत वाट्याची. शिकार झाली की ढीग लावायचे, बंदूकवाल्याचा एक, हाकाऱ्याचा एक. आणि एखादा हाकारा शिकारीत जिवानिशी गेला, तर दर वर्षी पहिल्या शिकारीचा वाटा त्याच्या घरी जातो. नेतो कोण? ज्याच्या चुकीने तो गेला तो. सागाच्या पानात बांधून न्यायचा, उंबऱ्यावर ठेवायचा आणि म्हणायचं, माझा आहे. बस. इतकी वर्षं गावात अशीच कबुली चालत आलेली. घरच्यांनी पुडी उचलायची की नाही, ते त्यांचं त्यांनी बघायचं.

"अच्छा कायदा है," कमाल तेव्हा म्हणाला होता.

शिवदास रावजीचा मेहुणा, बायकोचा, म्हणजे मथुराचा, धाकटा भाऊ. रावजीनेच अरबाबच्या पाया पडून त्याचा व्हिसा काढला आणि त्याला दुकानात लावला. निघताना मथुराने नवऱ्याला एवढंच सांगितलं होतं, "माज्या भावाक डोल्यांसमोर ठेवा." ठेवला, अगदी डोळ्यांसमोरच ठेवला. त्याचंच तर दुखणं होऊन बसलं.

गेल्या वर्षीच्या, एकोणऐंशीच्या सप्टेंबरात पहिल्या शुक्रवारी दोघेही पडलेले होले गोळा करायला गेले होते. सकाळपासून थवे येत होते, पण कमालचं काही जमत नव्हतं. शेजारच्या बंदुकीची पिशवी भरत आलेली आणि आपल्या अरबाबकडे सात की आठ पाखरं. अरबाब काही बोलला नव्हता, बरं का. पोटात दुखलं ते रावजीच्या. त्यात एक जखमी होला वाढलेल्या चाऱ्यात पडला, शिवदास तो शोधायला शिरला आणि मोठ्याने हाळी देऊ लागला. उतरू पाहणारा थवा त्या आवाजाने वळला. रावजी बांधावर उभा होता. त्याने शिवदासकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. गप.

शिवदास हसला. दाजींनी सांगितलं म्हणजे बरोबरच असणार. तो गप्प झाला आणि वाकून शोधू लागला.

मग एक होला चाऱ्याच्या शेंड्यांवरून सरळ गेला. कमालने कान देऊन ऐकलं. हाळी नव्हती. त्याने रावजीच्याच रीतीप्रमाणे बार काढला आणि नेमका त्याच वेळी शिवदास सापडलेलं पाखरू हातात घेऊन उभा राहिला.

गाडी कमालने चालवली. मागच्या सीटवर रावजीच्या मांडीवर शिवदासचं डोकं होतं. हॉस्पिटल येईपर्यंतही शिवदास टिकला नाही. पोलिसांना सगळ्यांनी एकच सांगितलं, माणसाने आपणहून हाळी बंद केली. रावजीनेही मान डोलावली. तेव्हापासून तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता तो.

आणि कमाल? कमाल वर्षभर सुकत गेला. गाडीत बोलेनासा झाला. मथुराची पत्रं यायची, त्यात त्याला शिव्याशाप असायचे. रावजी ती पत्रं सित्रा गावातल्या आपल्या खोलीत उशीखाली ठेवायचा आणि उत्तरात एवढंच लिहायचा, सगळं ठीक आहे, काळजी घे. अरबाबबद्दल एक चांगला शब्द लिहायचीही त्याला छाती झाली नाही. लिहिला असता तर मग चूक कोणाची, हे आलंच ना.

असा तो यंदाचा शुक्रवार. बंदुका तीनच. कमालने चार होले पाडले आणि बंदूक उघडून, काडतुसं काढून गाडीत ठेवून दिली. रावजी बांधाच्या अलीकडून हललाच नाही. कमालने ते चारही होले टॉवेलवर ओळीने मांडले आणि त्याच्याजवळ आला.

"ये शिवदास का," तो म्हणाला. "तुम छुट्टी जाओ. उस के घर में दो. बोलो, कमाल ने भेजा. मैं ने मारा."

सांगायचंच होतं तर ती वेळ हीच होती. समोर माणूस उभा होता, दुसऱ्याची चूक डोक्यावर घेऊन वर्षभर वाकलेला. एक वाक्य पुरलं असतं. रावजीने टॉवेल गुंडाळला आणि म्हणाला, "जी, अरबाब."

खोलीत आल्यावर त्याने होले साफ केले, मीठहळद लावली आणि गच्चीवर दोरीला टांगले. गावाला पोचेपर्यंत टिकायला हवेत. खोलीतला दत्ताराम म्हणाला, "अरे, वास मारील, कस्टमवाला पकडील, कशाला हा उपद्व्याप?" रावजीने दोरीची गाठ आणखी घट्ट केली. पाचव्या दिवशी वाळून कडक झालेली चार पाखरं त्याने दूधपावडरच्या रिकाम्या डब्यात भरली.

प्रवासभर एकच विचार. वाटा अरबाबचा म्हणून ठेवला, तर काय बिघडतं? अरबाबनेच तर सांगितलंय. बंदूक त्याचीच. गावाला पटलेलंच आहे. कमाल समुद्रापलीकडे, त्याला इथल्या शिव्या ऐकू येत नाहीत. आणि मथुरा? मथुरा आपली राहील. एवढंच तर हवं होतं. सगळा हिशेब कमालवर चढवून टाकायचा आणि सुखाने जेवायचं. हे असं मनाशी बोलताना त्याची त्यालाच किळस आली. पण विचार काही जाईना.

गावात उतरल्यावर त्याने घरामागच्या सागाची दोन पानं तोडली आणि पुडी बांधली. मथुराने पुडी पाहिली मात्र, तिचा चेहरा कठीण झाला. तिला वाटलं ते उघड होतं. "पाठवलान तर मेल्यान," ती म्हणाली. "चला, मी पन येते. वयनीन तोंडावर फेकूक हवी."

शिवदासचं घर वरच्या वाडीत. शेवंती, त्याची बायको, ओटीवर तांदूळ निवडत होती. नणंद आणि दाजी आलेले पाहून तिने पदर सावरला, पण मग तिची नजर पुडीवर गेली आणि हात सुपातच थांबले. रावजी पुढे झाला. त्याने पुडी उंबऱ्यावर ठेवली.

शेवंतीने विचारलं, "कोनाचा, दाजी?"

"त्या अरबाबाचा, दुसऱ्या कोनाचा," मथुराच बोलून गेली. "सांगा की वो."

पळून जायला जागा होती. बायकोनेच दार उघडून दिलं होतं, नुसती मान डोलवायची होती, आणि मान डोलवायला रावजी वर्षभरात चांगला शिकला होता. त्याला शिवदासचं हसू आठवलं. दाजींनी सांगितलं म्हणजे बरोबरच असणार.

"माजा हाय," रावजी म्हणाला.

मथुराला आधी कळलंच नाही. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा पुडीकडे. रावजीने डोळे न उचलता उजव्या हाताचं बोट ओठांवर ठेवून दाखवलं. "मीच त्याला गप रव्हायला सांगितलं. अरबाबान रीतीनंच बार काढलान. तो चुकला नाय."

शेवंती उठली. तांदळाचं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि खाली वाकून पुडी उचलली. रडली नाही. पुडी घेऊन आत गेली आणि चुलीपाशी ठेवून तिथेच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मथुरा भावाच्या उंबऱ्यावर बसली. रावजीने एकदा "चल" म्हटलं. तिने वर पाहिलं नाही. तिन्हीसांजेला वाडीतली गुरं घरी परतली तेव्हाही ती तिथेच होती, आणि रावजी खालच्या वाडीला एकटाच गेला.