रेघबाबा आणि पिवळा पट्टा

वरोरच्या विहिरीवर अशी झुंबड उडाली होती, की मासे घेऊन डहाणूला निघालेल्या बायासुद्धा टोपल्या खाली ठेवून थांबल्या. होळीपासून मचूळ झालेलं पाणी चक्क गोड झालं होतं! रेघबाबा कळशीतलं पाणी पळीपळीने वाटत होता आणि लोक डोळे मिटून पीत होते.

"दर्यादेवाला मी सरळ बजावलं," बाबा गरजला. "ही भस्माची रेघ! ओलांडून बघ, मग बघतो तुला! ओलांडली? नाही ओलांडली!"

गर्दीत उभ्या असलेल्या विनिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भूजलाचा अभ्यास करणारी ही मुलगी वर्षभर गावातल्या विहिरी मोजत हिंडली होती. त्यावरून कॉम्प्युटरवर हिशेब मांडून तिने एक नकाशा केला आणि विहिरीशेजारच्या पंपघराच्या भिंतीवर लावला. समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून कुठवर सरकू शकेल, ते एका रुंद पिवळ्या पट्ट्याने दाखवलं होतं. या पट्ट्यात मोटर लावू नका, विहीर जाईल, असं ती सांगून सांगून थकली. तेव्हा चिकूची वाडी असलेले हरिश्चंद्रभाऊ सगळ्यांसमोर हसले होते. "पट्टा कसला? नक्की जागा सांगा! तुमचा कॉम्प्युटरपण नुसतं बहुतेक-बहुतेक करतो!"

बाबाने मात्र एका दमात नक्की जागा सांगितली. झालं! भाऊंची नवी मोटर रेघेला चिकटून, म्हणजे ऐन पिवळ्या पट्ट्यात बसवायचं ठरलं, तेही आज दुपारीच. अख्ख्या आळीला प्यायला ही एकच विहीर. ती नासली, तर पाऊस पडेपर्यंत टँकरमागे धावणं आलं.

"चंपामावशी," विनिताने शेजारच्या म्हाताऱ्या कोळणीला विचारलं, "बाबाने आणखी काय करायला लावलं?"

"व्रत गं, पोरी. देवाला आवाज खपत नाही, म्हणून गावातल्या सगळ्या मोटरी बंद. आणि कळशी वरच्यावर बुडवायची, तळाला धक्का लावायचा नाही."

विनिता ताडकन पुढे झाली. तिने पिशवीतून बाटली काढली, तिला दगड बांधला आणि बुचाला वेगळी दोरी लावली.

"अगं, कोप होईल!" बाबा ओरडला.

"का? तळाला पण गोडच असेल ना?"

बाटली तळाला टेकली. झटका देऊन तिने बूच काढलं, बुडबुडे वर आले. बाटलीतलं पाणी चंपामावशीने तोंडात घेतलं आणि पचकन थुंकलं. "शी! हा तर दर्याच!"

"तळाचं मी बोललोच नव्हतो," बाबा पुटपुटला आणि झोळी शोधू लागला.

"अहो, खारं पाणी जड, ते खाली बसतं," विनिता म्हणाली. "गोडं त्याच्यावर राहतं. मोटरी उपसायला लागल्या की खारं वर खेचलं जातं. तुम्ही मोटरी थांबवल्यात, म्हणून ते परत खाली बसलं. रेघेने काडीचंही केलेलं नाही!"

भाऊंनी डोकं खाजवलं. "पटलं. पण मग मोटर नक्की किती लांब लावू, तेवढं सांगा."

रडावं की ओरडावं, विनिताला कळेना. "नक्की नाही सांगता येत, भाऊ! जमिनीखाली कुठे खडक फुटलाय, कुठे वाळू आहे, सगळं कुणाला दिसतंय? मावशी, उधाणाला पाणी कुठवर येईल, नक्की सांगाल?"

"कसं सांगणार? वाऱ्यावर असतं."

"मग होडी कुठे बांधता?"

"पाणी पोचायचंच नाही तिथे. होडी घालवायची आहे का मला?"

"मग भाऊ, मोटर कुठे लावायची?"

भाऊंनी नकाशाकडे पाहिलं. शेवटी कुरकुरत का होईना, त्यांनी पाइप पट्ट्याच्या पलीकडे, वाडीच्या वरच्या टोकाला न्यायला सांगितले. तोवर बाबा रिक्षात बसून पसार झाला होता.

सुटले एकदाची, असं म्हणत विनिता वळली, तर चंपामावशी पूजेच्या ताटातलं हळदकुंकू भिंतीवरच्या नकाशाला वाहत होती!

"मावशी, नका हो!" तिने ओढणीनेच कुंकू पुसलं. "हा नकाशाही चुकू शकतो, म्हणून तर त्यात रेघ नाही, पट्टा आहे. त्याला पुजू नका, तपासा. दर महिन्याला तळाचं पाणी काढून चाखा. नकाशा चुकला, तर मला बोलावून तोंडावर सांगा."

"आणि बाबा परत आला तर?"

विनिताने दगडासकट बाटली तिच्या हातात ठेवली. "त्यालाही हीच तळाला सोडायला सांगा."