शेजारच्या सीटचा ब्रेक

“नाण्याएवढा ओरखडा चालेल, त्याहून मोठा नाही,” मुलगी कागद वाचून दाखवत होती. “एका दारावर दोनपेक्षा जास्त पोचे नकोत. काचेला तडा नको. आणि बाबा, उठा आता. समोरच्या काकू खिडकीतून बघताहेत.”

मी बॉनेटवर गाल टेकवून, एक डोळा मिटून वाकलो होतो. पत्र्यावर उजेड कुठे अडखळतो ते असंच बघावं लागतं. समोरच्या काकूंना वाटलं असेल, म्हातारा गाडीच्या गळ्यात पडून रडतोय. वाटू दे. त्यांची स्वतःची गाडी मागून अशी चेपली आहे की मला तिच्याकडे बघवत नाही.

“उद्या बाराला गाडी द्यायचीय,” मुलगी म्हणाली. “मी ऑफिसातून परस्पर तिथे येते, तुम्हाला घरी आणायला. जास्त ठोकाठोक करू नका.”

गाडी लीजची होती. म्हणजे गाडी कंपनीची, हप्ता आपला, आणि चार वर्षं पुरी झाली की जशी नेली तशी परत. वर्कशॉप बंद झालं आणि मी घरी बसलो, तेव्हा मुलीनेच ही व्यवस्था लावून दिली होती. परत देताना त्यांचा माणूस गाडीभोवती फिरतो, जे खरचटलं-चेपलं असेल ते लिहून घेतो आणि त्याची भरपाई लावतो. लोक म्हणे या धास्तीने शेवटचे सहा महिने गाडी बाहेरच काढत नाहीत. मला कसली धास्ती? बेचाळीस वर्षं मी डेंटर होतो. चेपलेला पत्रा मागून दाबत, ठोकत असा सरळ करायचो की नंतर मालकच विचारायचा, कुठे लागलं होतं हो? वर्कशॉपात मला सगळे इस्त्रीवाला म्हणत.

माझी पैज कंपनीशी नव्हतीच. ती होती बायकोशी.

गाडी आली त्या दिवशी ही दारात उभी राहून बघत होती. गाडी हिला आवडली होती, पण दुसऱ्याची वस्तू चार वर्षं सांभाळायची हे काही हिच्या पचनी पडत नव्हतं.

“परत घेताना काहीतरी खोट काढतीलच ते,” ही म्हणाली.

“माझ्या हाताखालून गेलेल्या गाडीत? काढून दाखवू देत.”

“आणि निघाली तर?”

“तर तू म्हणशील ते.”

हिने जरा विचार केला. “तर चारचौघांत म्हणायचं, हिला माझ्यापेक्षा गाडीतलं जास्त कळतं.”

मी पोट धरून हसलो. हिला गाडी सुरूसुद्धा करता येत नव्हती. दार लावायची तेही दोनदा, एकदा अगदी हळू, ते नीट लागायचं नाही म्हणून मग धाडकन. मी म्हणालो, लागली पैज.

पैज लावणारी आठ महिन्यांपूर्वी गेली. पण पैज राहिलीच ना. गेले आठ महिने घरात कुणी माझ्याशी वाद घातलेला नाही, आणि वाद नसलेल्या घरात माणूस किती वेळ टीव्हीसमोर बसणार? मला उद्या कोरा कागद हवा होता. नुकसानीच्या रकान्यात एक अक्षर नसलेला. तो घरी आणून हिच्या फोटोसमोर धरायचा आणि म्हणायचं, बघ. एवढ्यासाठी मी चार दिवस गाडीभोवती घालवले होते.

मागच्या दारावर दुकानाच्या आवारात कुणाच्या तरी ढकलगाडीने पोचा पाडला होता. तो आतून अस्तर काढून, पातळ सळईने कणाकणाने बाहेर आणला. रंगाला हात लावला नाही. बंपरवरचे चरे घासून पॉलिश केले. मग डोळे मिटले, तळहाताखाली पातळ फडकं घेतलं आणि पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत हात फिरवला. डोळे फसतात, तळहात फसत नाही. गाडी अंगाला लावायच्या साबणाच्या नव्या वडीसारखी गुळगुळीत होती.

आतली सफाई शेवटी उरकली. खरं सांगायचं तर आतल्या कामात माझं मन कधी लागलंच नाही. मॅट ओढून काढल्या, धुतल्या, दोरीवर टाकल्या. दारातूनच आत व्हॅक्यूमची नळी फिरवली, तीही चष्मा न लावता. सकाळी गाडी घेऊन निघालो तेव्हा मॅट दोरीवरच राहिल्या. हे मला निम्म्या वाटेत आठवलं. मुलीला फोन केला, ती म्हणाली, “मी घरावरून घेऊन येते, तुम्ही तुमचा पत्रा सांभाळा.”

अगदी आईची मुलगी.

ही वर्कशॉपात रोज दुपारी डबा घेऊन यायची. डबा माझ्या हातात द्यायच्या आधी आलेल्या गाड्यांकडे बघायची. आणि दरवेळी एकच प्रश्न. “यात कोण होतं?”

“मला काय माहीत? दोन दारं आणि एक मडगार्ड होतं.”

मग ही फुटक्या काचेतून आत डोकवायची. कुठे लहान मुलाचा एक मोजा, कुठे चष्म्याचं घर, कुठे सीटवर बिस्किटांचा चुरा. “मूल होतं यात,” म्हणायची आणि त्या दिवशी माझ्याबरोबर जेवायची नाही. मालक गाडी न्यायला आला की हिने मला विचारायला लावायचं, मूल कसं आहे? मी कधी विचारलं, कधी नाही. न विचारताच बरं आहे म्हणून हिला सांगितलंय, एकदा नाही, पुष्कळदा. आज त्याची लाज वाटते.

इतक्या चेपलेल्या गाड्या बघितलेली बाई गाडीत सुखाने कशी बसेल? शेजारच्या सीटवर बसली की हिचा उजवा पाय कामाला लागायचा. पुढच्या गाडीचे लाल दिवे लागायचा अवकाश, हिची टाच खाली रुतलीच. वळण आलं, दाब. कुत्रं दिसलं, दाब. सिग्नल हिरवा असला तरी तो आता बदलेल म्हणून दाब.

“अगं, तिथे ब्रेक नाहीये,” मी म्हणायचो.

“म्हणून तर इतक्या जोरात दाबावा लागतो,” ही म्हणायची.

पुढे हिची ट्रीटमेंट सुरू झाली. दर मंगळवारी हॉस्पिटल. येताना हिच्या अंगात त्राण नसायचं, मान सीटवर टेकलेली, डोळे मिटलेले. पण पाय आपला चालू. मिटल्या डोळ्यांनी हिला वळण बरोबर कळायचं. मला हसू यायचं आणि त्या हसण्यावरच मी घरापर्यंत गाडी आणायचो.

शेवटच्या मंगळवारी येताना हिने पाय हलवला नाही. मी वाट बघितली. पेट्रोल पंपाजवळचं वळण आलं तेव्हा मी मुद्दाम जरा जोरात घेतलं. नुसती मान कलंडली हिची, पाय तसाच. पुढे मी गाडी इतकी हळू चालवली की मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले. हे मी मुलीला कधी सांगितलेलं नाही.

गाड्या परत घ्यायची जागा म्हणजे एक मोठी शेड, पांढरे दिवे, जमिनीवर पिवळे पट्टे. माझी गाडी तपासायला एक बाई आल्या. पन्नाशीच्या, केस बांधलेले, हातात टॅब्लेट आणि टॉर्च. शेजारच्या पट्ट्यात एक गृहस्थ किल्ली बोटात फिरवत आपल्या नंबराची वाट बघत होते.

बाई कामाला पक्क्या होत्या. आधी लांबून बघितलं, मग वाकून. मग रंगाची जाडी मोजायचं यंत्र काढलं आणि एकेका दाराला लावत गेल्या. मागच्या दारापाशी थांबल्या. पुन्हा लावलं. मग त्यांनी यंत्र खिशात टाकलं आणि सरळ तळहात फिरवला. माझा ऊर भरून आला, कारण असा हात फिरवणारं माणूस मला कित्येक दिवसांत भेटलं नव्हतं.

“इथे पोचा होता,” त्या म्हणाल्या.

“आता आहे का?”

“नाही. रंगही मूळचाच आहे.” त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. “कुणी केलं हे, काका?”

मी हात पुढे केले. त्या हसल्या नाहीत, पण मान हलवली. बाहेरचं सगळं झालं. रकाना कोरा. मी मनात हिला म्हणालो, तयार राहा.

“मॅट कुठायत?” बाईंनी शेजारच्या सीटचं दार उघडलं होतं.

“दोरीवर वाळताहेत. मुलगी आणतेय.”

त्यांनी टॉर्च खाली मारला.

“काका, इथे कोण बसायचं?”

मी वाकलो. शेजारच्या सीटसमोर, जिथे पाय ठेवतात तिथे, खालचं कार्पेट झिजून गेलं होतं. एक टाच मावेल एवढं भोक, कडेचे धागे विस्कटलेले आणि मधे खालचं काळं अस्तर उघडं. ड्रायव्हरच्या बाजूलाही एवढी झीज नव्हती.

“पण मॅट असायची ना तिथे,” मी म्हणालो.

“मॅटखाली असं होत नाही. रोज मॅट बाजूला सारत असणार कुणीतरी.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही सुरुवातीला म्हणाली होती, मॅट सरकते हो पायाखाली, ऐन वेळी दगा देईल. मला वाटलं होतं, बोलायचं म्हणून बोलतेय. नसलेल्या ब्रेकवरून पाय घसरू नये म्हणून ही बाई गाडीत बसली की मॅट मागे सारायची, आणि उतरताना वाकून पुन्हा नीट अंथरायची. दुसऱ्याची वस्तू ना. आणि मी तेव्हा बाहेर उभा राहून दारावर धूळ किती बसलीय ते बघत असायचो.

“बायको बसायची,” मी म्हणालो. “ती ब्रेक दाबायची.”

माझ्या बोलण्यातलं ‘बसायची’ बाईंना कळलं असावं.

तेवढ्यात मुलगी आली, दोन्ही हातांत दोन दमट मॅट. तिने माझं तोंड बघितलं, आत डोकावली, भोक बघितलं, आणि मॅट छातीशी धरून उभी राहिली. ऑफिसचा पांढरा शर्ट ओला झाला, तिला पत्ता नव्हता.

बाईंनी टॉर्च बंद केला. “आता मॅट आल्याच आहेत, तर घाला जागेवर,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मॅट उचलून बघितलंच पाहिजे असं काही माझ्या यादीत नाही. बाकी गाडी नवीसारखी आहे. कोरा कागद देते तुम्हाला.”

कोरा कागद. चार दिवस मी त्याच्यासाठी राबलो होतो. मुलगी मॅट घालायला वाकलीसुद्धा.

“थांब,” मी म्हणालो. “बाई, लिहा ते.”

“भरपाई लागेल. अख्खं कार्पेट धरतात.”

“लागू दे.”

“बाबा, अहो कशाला?” मुलगी म्हणाली.

“झालंय ना ते? मग लिहू देत.”

बाईंनी टॅब्लेटवर बोट फिरवलं. “कारण निवडावं लागतं. जळालं, सांडलं, सामान ओढलं, पाळीव प्राणी.”

“यातलं काही नाही.”

“मग ‘इतर’. इतरमध्ये लिहावं लागतं.” त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. “शेजारी बसणाऱ्या व्यक्तीने सतत ब्रेक दाबल्यामुळे झीज.”

“व्यक्तीने नको,” मी म्हणालो. “पत्नीने लिहा.”

त्यांनी खोडून पत्नीने लिहिलं. मी सही केली.

मग मी मोजलं. बाई एक, मुलगी दोन, किल्ली फिरवणारे गृहस्थ तीन, आणि मी धरून चार. मी गृहस्थांना म्हटलं, “जरा इकडे बघता का?” त्यांनी बघितलं. घसा खाकरला आणि शेडमध्ये सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं मी म्हणालो, “माझ्या बायकोला माझ्यापेक्षा गाडीतलं जास्त कळत होतं.”

गृहस्थांची बोटात फिरणारी किल्ली थांबली. त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण त्यांनी मान डोलावली. मुलीला पैज ठाऊक होती. ती तोंड फिरवून मॅटची घडी घालत बसली. रबरी मॅटची कधी घडी होते का?

दुसरा एक माणूस येऊन गाडी आत घेऊन गेला. त्याने दार एकदाच लावलं, बरोबर. मी मागच्या दारावरचा उजेड बघत राहिलो, गाडी वळेपर्यंत. एवढ्या लांबूनही पत्रा सरळ दिसत होता. त्याचा काही आनंद झाला नाही.

घरी निघालो मुलीच्या गाडीतून. इतक्या वर्षांत मी स्टिअरिंगशिवाय कधी बसलो नव्हतो, त्यामुळे हातांचं काय करायचं ते कळेना, शेवटी मांडीवर ठेवले. मुलगी माझ्यासारखीच चालवते, अंमळ जोरात. पेट्रोल पंपाजवळचं वळण आलं. पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले आणि माझा उजवा पाय खाली दाबला गेला.

“बाबा,” मुलगी समोर बघतच म्हणाली, “तिथे ब्रेक नाहीये.”

“माहीत आहे,” मी म्हणालो आणि टाचेने मॅट थोडी मागे सारली.